घाटावरची भाषा, घाटाखालचं पाणी

बुलढाणा जिल्ह्यात दोन अनोळखी माणसांची ओळख होताना तालुक्याच्या नावाआधी बहुधा एक प्रश्न येतो: घाटावरचे की घाटाखालचे? देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार, मेहकर, चिखली आणि खुद्द बुलढाणा हे घाटावरचे तालुके. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे घाटाखालचे. सोयरीक, पेरणीची खबर, निवडणुकीचं गणित, सगळं या दोन शब्दांत मांडलं जातं. जुन्या दप्तरांत यांनाच बालाघाट आणि पाइनघाट म्हटलेलं आढळतं.

हा घाट म्हणजे अजिंठ्याची डोंगररांग. ती जिल्ह्याला आडवी छेदून जाते आणि पाण्याच्या वाटा वेगळ्या करते. घाटावर पडलेल्या पावसाचं बरंचसं पाणी खडकपूर्णा आणि पैनगंगा या नद्यांमधून गोदावरीच्या खोऱ्यात, म्हणजे अखेर बंगालच्या उपसागराकडे जातं. घाटाखालचं पाणी दुसऱ्या एका पूर्णेतून तापीला मिळतं आणि अरबी समुद्राकडे वळतं. घाटावरच्या पूर्णेच्या नावातच खडक आहे आणि तिचं खोरंही बेसॉल्टचं आहे. घाटाखालच्या पूर्णेच्या खोऱ्यात मात्र शेकडो फूट गाळ साठलेला आहे, आणि त्या गाळातलं भूजल मोठ्या भागात खारं आहे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या त्या भूभागाला लोक खारपाणपट्टा म्हणतात. भूजलशास्त्रज्ञांनी नकाशे काढले तेव्हा त्यांना या पट्ट्यासाठी नवं नाव शोधावं लागलं नाही. विहिरीचं पाणी पिऊन पाहणाऱ्यांनी त्याच्या सीमा आधीच आखून ठेवल्या होत्या, आणि त्या एका शब्दात ठेवल्या होत्या.

या प्रकरणाचा विषय हाच आहे. भाषेचा अभ्यास मराठी विभागात आणि पर्यावरणाचा अभ्यास विज्ञान शाखेत, अशी वाटणी आपण महाविद्यालयांत करून टाकली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशानंतर पर्यावरण हा विषय पुढे पदवीच्या सर्व शाखांना सक्तीचा झाला. त्यामुळे मराठी घेऊन बी.ए. करणारी मुलगीही ओझोन, हरितगृह वायू आणि परिसंस्था यांवर उत्तरं लिहिते. पण आजोबा ज्या शब्दांत जमिनीबद्दल आणि पावसाबद्दल बोलतात ते शब्द त्या अभ्यासक्रमात फारसे येत नाहीत, आणि भाषेच्या अभ्यासक्रमात आलेच तर ‘ग्रामीण बोलीचं सौंदर्य’ म्हणून येतात. माझं म्हणणं असं की हे शब्द म्हणजे निरीक्षणाच्या नोंदी आहेत. त्या तपासता येतात, त्यांची तारीख काढता येते, त्यांत चुकाही सापडतात. म्हणजे त्यांच्याशी वागायचं ते विज्ञानातल्या कुठल्याही नोंदीशी वागावं तसंच.

देऊळगाव राजा हे यासाठी फार चांगलं ठिकाण आहे. सिंदखेडच्या जाधवांनी वसवलेलं, बालाजीच्या यात्रेसाठी प्रसिद्ध असलेलं हे गाव वऱ्हाडच्या टोकाला आहे. हद्द ओलांडली की जालना, म्हणजे मराठवाडा. वऱ्हाडात शेताला वावर म्हणतात, पिकात डवरणी करतात आणि दोन वावरांच्या मध्ये धुरा असतो. पलीकडे कोळपणी होते आणि मध्ये बांध असतो. हद्दीवरच्या माणसाच्या तोंडी दोन्हीकडचे शब्द असतात, आणि ते प्रत्येक वेळी समानार्थी असतीलच असं नाही. बांध घातला जातो. धुरा राखला जातो. धुरा म्हणजे नांगर न लागलेली पट्टी. तिच्यावर बोरी, हिवर, बाभळी, पवन्या-कुसळीसारखी गवतं टिकून राहतात, आणि त्यांच्या आडोशानं तितर, लाव्हे, ससे. शेतीच्या प्रदेशातली जैवविविधता कुठं शिल्लक आहे असं विचारलं तर पर्यावरणशास्त्रज्ञ अशाच न नांगरलेल्या पट्ट्यांकडे बोट दाखवतात. प्रश्नावलीत दोन्हींसाठी ‘शेताची सीमा’ असं एकच उत्तर छापलं, तर हा फरक कागदावर येण्याआधीच पुसला जातो.

शब्दात निरीक्षण किती घट्ट भरलेलं असू शकतं हे पाहायचं तर ‘वाफसा’ घ्यावा. पाऊस होऊन गेला, जादा पाणी निथरलं, माती औताला किंवा पायाला चिकटत नाही पण मुठीत दाबली तर ओल जाणवते, अशी अवस्था म्हणजे वाफसा. रुजणाऱ्या बीला पाणी लागतं आणि हवाही लागते. मातीच्या कणांमधल्या मोठ्या पोकळ्यांत हवा शिरली आणि बारीक पोकळ्यांत पाणी टिकून राहिलं, की दोन्ही एकाच वेळी मिळतात. मृदाशास्त्राला ही स्थिती समजावून सांगायला एक परिच्छेद लागतो. महाराष्ट्रातल्या कृषी विद्यापीठांनी शहाणपणानं हा शब्द जसाच्या तसा उचलला. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिफारशींपासून रेडिओवरच्या सल्ल्यापर्यंत ‘वाफसा आल्यावर पेरणी करावी’ हे वाक्य रुळलेलं आहे.

त्याच सल्ल्यात अलीकडे एक आकडाही असतो: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये. आकडा आणि शब्द यांचं काम वेगळं आहे. आकडा आभाळातून किती आलं ते सांगतो. वाफसा जमिनीनं त्याचं काय केलं ते सांगतो. एकाच पावसानंतर बरड किंवा मुरमाड जमिनीत वाफसा लवकर येतो आणि लवकर जातो. भारी काळ्या जमिनीतली फुगणारी चिकणमाती पाणी धरून बसते. तिथं वाट पाहावी लागते, आणि वाफसा आला की दोन-चार दिवसांत पेरणी उरकावी लागते, नाहीतर झड लागते आणि वावरात पाय ठेवता येत नाही. देऊळगाव राजा तालुक्यात एकाच शेतकऱ्याचं एक वावर टेकाडाच्या उतारावर आणि दुसरं नदीकाठी असू शकतं. मंडळातल्या पर्जन्यमापकावर दोन्ही वावरांसाठी एकच आकडा. वाफसा मात्र दोन.

‘झड’ हा असाच शब्द. दिवसच्या दिवस, सूर्य न दाखवता, कमी-जास्त होत पडत राहणारा पाऊस म्हणजे झड. मध्ये थांबला की उघडीप. उघडीप लांबली, पिकं माना टाकू लागली की तो खंड. या शेवटच्या शब्दाचं पुढं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. पीकविम्याच्या नियमांत ‘पावसाचा खंड’ हा शब्द शिरला आणि त्याला दिवस चिकटले. २०२३ च्या खरिपात राज्यात ज्या महसूल मंडळांत २१ दिवसांपेक्षा जास्त खंड पडला, तिथं विम्याची आगाऊ भरपाई द्यायचा प्रश्न उभा राहिला, आणि गावोगावी एकवीस हा आकडा तोंडपाठ झाला. हवामान खात्याच्या लेखी २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तर तो ‘पावसाचा दिवस’. आता समजा अठराव्या दिवशी तीन मिलिमीटर भुरभुर झाली. मोजमापात खंड मोडतो. वावरात तो मोडत नाही, कारण तेवढ्या पाण्यानं काळ्या मातीचा वरचा पापुद्राही धड भिजत नाही. शेतकरी आणि विमा अधिकारी एकच शब्द उच्चारतात आणि दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलतात. हे भांडण पैशांचं दिसतं, पण त्याचं मूळ अर्थनिश्चितीत आहे. व्याख्या ठरवणाऱ्या समितीत हवामानतज्ज्ञ आणि विमातज्ज्ञ हवेतच. शब्द लोक कसा वापरतात ते पद्धतशीर गोळा केलेला भाषेचा अभ्यासकही तिथं हवा, हे मी पूर्ण गांभीर्यानं म्हणतो.

लोकांच्या शब्दांना प्रत्येक वेळी मान डोलवावी असं मात्र नाही. पावसाची नक्षत्रं घ्या. मृगावर पेरणी, पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, आश्लेषाचा आसळका: ही नावं म्हणजे पावसाळ्याचे तेरा-चौदा दिवसांचे टप्पे आहेत आणि लक्षात ठेवायला सोपे आहेत. पण सूर्य नक्षत्रात शिरण्याची वेळ ताऱ्यांवरून ठरते, आणि ऋतू ठरतात ते पृथ्वीच्या कललेल्या अक्षावरून. हा अक्ष अतिशय सावकाश फिरतो. त्यामुळे ऋतूंच्या मानानं नक्षत्रं सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढं सरकतात. आज सूर्य जूनच्या ७-८ तारखेला मृगात शिरतो. साडेसातशे वर्षांपूर्वी ऋतूंच्या हिशेबानं तो दहा दिवस आधी शिरत होता. म्हणजे मृगाबद्दलची एखादी म्हण तेव्हा घडली असेल, तर तिच्यातलं निरीक्षण आज दहा दिवसांनी चुकतं, आणि त्यात बदलत्या हवामानाची भर वेगळी. म्हण किती जुनी हे भाषाशास्त्र सांगू शकतं. तारीख कळली की तिची परीक्षा हवामानशास्त्र घेऊ शकतं. एकट्यादुकट्यानं हे काम होत नाही.

सिंदखेड राजावरून पुढं गेलं की लोणार. उल्कापातानं बेसॉल्टमध्ये तयार झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेत भरलं, असं पुस्तकं सांगतात. पण त्याच्या कितीतरी आधी ‘ऐन-इ-अकबरी’त लोणारच्या क्षारांची नोंद आहे, काच आणि साबण यांच्या संदर्भात. ते क्षार काढणाऱ्यांची स्वतःची एक भाषा होती. दल्ला, निमक-दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी वेगवेगळ्या क्षारांची नावं ब्रिटिश काळातल्या नोंदींत उतरली आहेत. सोडियम कार्बोनेट, बायकार्बोनेट आणि साधं मीठ यांचं प्रमाण बदललं की क्षाराचा पोत बदलतो, खडे होतात, पापुद्रे धरतात किंवा भुगा पडतो. आणि पोत बदलला की नाव बदलतं. रसायनशास्त्रज्ञांनी हे नमुने तपासले ते याच नावांनी लेबलं लावून. पाणी किती आटलं, कुठल्या महिन्यात कोणता थर धरला, हे ज्यांच्या पोटाचा प्रश्न होता त्यांनी केलेलं हे वर्गीकरण होतं.

जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं आणि देशभर बातमी झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याचं कारण पुढं आलं: पाणी कमी झालं, क्षारता वाढली, आणि ते जीव फोफावले. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. असा रंग पूर्वी किती वेळा चढला असेल, हा प्रश्न तेव्हा साहजिकच पुढं येतो. याचं उत्तर गाळाच्या नमुन्यांत शोधायचं असतं, तसंच क्षार काढणाऱ्यांच्या शब्दांत आणि जुन्या कागदांतही शोधायचं असतं. धंदा बंद पडला की शब्द एका पिढीत विरतात, आणि त्यांच्याबरोबर आटण्या-भरण्याची आठवणही.

जुन्या मराठी ग्रंथांतून पर्यावरणाचा इतिहास खरोखर बाहेर काढता येतो का? या प्रश्नाचं अलीकडचं आणि मला सर्वांत पटलेलं उत्तर २०२५ मध्ये आलं. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोन अभ्यासकांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या माळरानांचा इतिहास शोधण्यासाठी जुनं मराठी साहित्य आणि मौखिक परंपरा वाचल्या, आणि ‘पीपल अँड नेचर’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. तेराव्या शतकापासूनच्या मजकुरांत रानझाडांचे जे उल्लेख येतात ते त्यांनी वेचले. ४४ जातींची ओळख पटली, आणि त्यांतल्या जवळपास दोन तृतीयांश जाती उघड्या, गवताळ, विरळ झाडांच्या प्रदेशात वाढणाऱ्या निघाल्या. म्हणजे ही माळरानं निदान साडेसातशे वर्षं माळरानंच आहेत. जंगल तोडून, जनावरं चारून अलीकडे उजाड झालेली ती जमीन नव्हे.

या निष्कर्षाचं महत्त्व कळायला सरकारी शब्दांकडे पाहावं लागतं. आपल्या सात-बाऱ्यावर ‘पोटखराब’ असतो, नकाशांवर ‘पडीक’ असते. ज्या जमिनीतून पीक किंवा लाकूड निघत नाही ती वाया गेलेली, हा महसुलाचा दृष्टिकोन त्या शब्दांत मुरलेला आहे. जमीन पडीक ठरली की तिचं काहीतरी ‘चांगलं’ करायची घाई सुरू होते. महाराष्ट्रात २०१७ ते २०१९ या काळात मोठ्या वृक्षलागवडीच्या मोहिमा झाल्या. २०१९ चं लक्ष्य ३३ कोटी झाडांचं होतं. झाडं लावायला कुणाचा विरोध असेल? पण माळावर दाट झाडी लावली तर तिथला माळढोक, धाविक, लांडगा, खोकड यांचं घर जातं आणि मेंढपाळांची चराई जाते. गवताच्या मुळांनी जमिनीत साठवून ठेवलेल्या कार्बनचा हिशेबही कुणी मांडलेला नसतो. मराठीनं पक्ष्यालाच माळढोक म्हटलं, नावातच त्याचा पत्ता लिहिला. जमिनीच्या नोंदीत मात्र माळ हा शब्द हरवून पडीक राहिली. अमेरिकेतले भाषाशास्त्रज्ञ आयनार हाउगेन यांनी १९७० च्या आसपास भाषेच्या परिसंस्थेची कल्पना मांडली. मायकल हॅलिडे यांनी १९९० मध्ये थेस्सलोनिकी इथल्या भाषणात पुढचा प्रश्न विचारला: आपल्या भाषेची घडणच निसर्गाकडे अमर्याद साठा म्हणून पाहायला लावते का? ‘पडीक’ हा शब्द त्या प्रश्नाचं घरचं उदाहरण आहे.

नेर्लेकर-पाटील यांचा अभ्यास पश्चिम महाराष्ट्रापुरता आहे. पण त्याची पद्धत देऊळगाव राजाच्या आसपास वापरण्यासारखी आहे, कारण याच मुलखातून चक्रधरस्वामी फिरले. लोणार आणि मेहकर ही दोन्ही स्थळं महानुभावांच्या परंपरेत येतात. म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’त लोणार आहे, आणि ‘स्थानपोथी’ तर स्थळांच्या खाणाखुणा नोंदवणारा ग्रंथ. इथं मराठीच्या अभ्यासकाशिवाय पाऊल टाकता येत नाही. कुठला मजकूर मूळचा आणि कुठला मागाहून घुसवलेला, कुठल्या हस्तलिखितात शब्द बदलला, एखाद्या झाडाचं नाव तेराव्या शतकात त्याच झाडाला होतं की दुसऱ्या, हे सगळं त्यानंच ठरवायचं. शिवाय एक बारकावा आहे. काव्यात वन आलं की कवी संस्कृत परंपरेतली झाडांची ठरलेली यादी देतो. त्या यादीतला चंदन प्रत्यक्ष तिथं होता असं नाही. उलट गद्यात सहज, प्रसंगाच्या ओघात आलेली बोर किंवा हिवर विश्वासाची, कारण ती सजावटीसाठी आलेली नसते. हा फरक ज्याला कळत नाही तो पर्यावरणशास्त्रज्ञ कितीही हुशार असला तरी चुकीचं जंगल उभं करील.

पोथ्यांइतकाच मोठा साठा जात्यावरच्या ओव्यांचा. गी पॉइटवां आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या समाजशास्त्रासाठी गोळा झाल्या होत्या. त्यांत झाडं, पिकं, पाणवठे किती आहेत ते आता वेगळ्या नजरेनं पाहता येतं.

गावांच्या नावांबद्दल मी थोडा सावध आहे. पिंपळगाव, उंबरखेड, निमखेड, जांभोरा अशा नावांवरून लगेच जुन्या वनराईचे नकाशे काढायचा मोह होतो. पण गावाला झाडाचं नाव पडतं ते बरेचदा ते झाड तिथं ठळक होतं म्हणून. सगळीकडे तेच असतं तर खूण म्हणून उपयोग काय? सिंदखेडचा संबंध शिंदीशी लावणारेही आहेत आणि सिद्धांच्या क्षेत्राशी लावणारेही. एकेक नाव पुरावा होत नाही. शेकडो नावं नकाशावर मांडून, माती आणि पर्जन्यमान यांच्या नकाशाशी ताडून पाहिली तर काही बोलता येतं.

परदेशी झाडांच्या नावांतून मात्र तारखा जवळजवळ वाचता येतात. गाजर गवत १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा ठळकपणे नजरेत आलं आणि मग राज्यभर पसरलं. त्याचं दुसरं नाव काँग्रेस गवत. त्या नावावर काळाचा शिक्का इतका स्पष्ट आहे की वेगळी नोंद नको. दक्षिण अमेरिकेतून आलेली, नाल्याकाठी कशीही फोफावणारी बेशरम. बाभळीसारखी दिसते पण तिच्यासारखी वागत नाही ती वेडी बाभूळ. चिंच नसलेली विलायती चिंच. लोकांनी पाहुण्या झाडाला जुन्याच झाडाचं नाव दिलं आणि पुढं एक विशेषण लावलं. ब्रेंट बर्लिन या मानववंशशास्त्रज्ञानं जगभरच्या लोकवर्गीकरणांत असे नियम शोधले: परिसरातल्या ठळक जातींना साधी एकपदी नावं असतात, त्यांच्या पोटातल्या किंवा त्यांच्यासारख्या वाटणाऱ्या जातींना जोडनावं. ‘विलायती’ किंवा ‘वेडी’ लागलं की नवागत असल्याची शंका घ्यावी. ‘रान’ लागलं की उलट तपास करावा, कारण रानभेंडी, रानतूर ही बरेचदा पिकांची रानटी भावंडं निघतात. त्यांचा उपयोग काय, हे परभणीच्या कृषी विद्यापीठानं दाखवून दिलं आहे. भेंडीचा एका रानटी भावंडाशी संकर करून तिथं ‘परभणी क्रांती’ हा वाण तयार झाला, आणि शिरा पिवळ्या पडण्याच्या विषाणू रोगाला तो दाद देत नाही म्हणून गाजला.

घाट उतरून जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी गेलं तर भाषा आणि परिसर यांचं नातं सर्वांत नाजूक रूपात भेटतं. जळगाव जामोद तालुक्यात जामोद, सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा या परिसरात निहाली बोलली जाते. बोलणारे दोन-अडीच हजारांच्या घरात. शेजारच्या कोरकूचं नातं मुंडा भाषांशी आहे, मराठीचं संस्कृत-प्राकृताशी. निहालीचं नातं जगातल्या कुठल्याही भाषेशी सिद्ध झालेलं नाही. तिनं कोरकू, मराठी, द्राविड भाषांकडून शब्द भरपूर घेतले, पण तिचा गाभा एकटा आहे. डच अभ्यासक एफ. बी. जे. कायपर यांनी १९६२ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले शैलेंद्र मोहन यांनी अलीकडच्या काळात तिचं दस्तऐवजीकरण केलं.

अशी भाषा गेली तर काय जातं? २०२१ मध्ये रॉड्रिगो कामारा-लेरेत आणि जोर्दी बास्कोम्प्ते यांनी उत्तर अमेरिका, वायव्य अ‍ॅमेझॉन आणि न्यू गिनी इथल्या २३६ आदिवासी भाषांतल्या औषधी वनस्पतींचं ज्ञान तपासलं. वनस्पतींच्या सुमारे साडेबारा हजार औषधी उपयोगांपैकी पंच्याहत्तर टक्क्यांहून अधिक उपयोग केवळ एकेका भाषेत माहीत होते. वनस्पती रानात उभी राहते आणि तिचा उपयोग मात्र नाहीसा होतो, कारण तो ज्या भाषेत सांगितला जात होता ती भाषा कुणी बोलत नाही. त्याआधी २०१२ मध्ये लॅरी गोरेनफ्लो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की जगातल्या जवळपास ७० टक्के भाषा जैवविविधतेनं समृद्ध प्रदेशांत बोलल्या जातात. बुलढाणा जिल्ह्यात हे डोळ्यांनी दिसतं: निहालीचा मुलूख अंबाबरवा अभयारण्य आणि मेळघाट यांच्या लगतचाच आहे. त्या जंगलाचा व्यवस्थापन आराखडा लिहिणाऱ्यांच्या टेबलावर निहालीचा शब्दसंग्रहही असायला हवा. तिथल्या ओहोळांना, कंदांना, मधमाश्यांना, वणव्याच्या टप्प्यांना ज्यांनी नावं दिली, त्यांना त्या रानात काय बदललं हे आधी कळतं.

मारुती चितमपल्ली यांनी हे काम आयुष्यभर केलं. वनखात्याच्या नोकरीत विदर्भातल्या जंगलांत राहून त्यांनी आदिवासी आणि रानातल्या माणसांकडून शब्द जमवले, पक्षिकोश केला, आणि बगळ्यांच्या वसाहतीला सारंगागार, कावळ्यांच्या वसाहतीला काकागार असे शब्द मराठीत आणले. कोश आणि वन यांत त्यांना अंतर वाटलं नाही.

असं काम आता करायला लागणारा कागद प्रत्येक गावात आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. नोंदवहीत प्रत्येक जातीपुढं स्थानिक नाव आणि शास्त्रीय नाव असे रकाने असतात. घाईत भरताना शास्त्रीय नावावर लक्ष राहतं आणि स्थानिक नाव पुस्तकातून उतरवलं जातं, तेही प्रमाण मराठीतलं. मग धुऱ्यावरच्या गवताला गावात जे म्हणतात ते नोंदवहीत येतच नाही. हा रकाना नीट भरायला कान तयार लागतो. ‘याला काय म्हणतात?’ एवढंच विचारून भागत नाही, कारण समोरचा माणूस पाहुण्याला कळेल असं नाव सांगतो. झाड दाखवून विचारावं, आणि झाड न दाखवता नुसत्या नावावरूनही विचारावं. बाईला, बाप्याला, मेंढपाळाला वेगवेगळं विचारावं. एकच नाव दोन झाडांना आहे का, एकाच झाडाला दोन नावं आहेत का, ते पाहावं. उच्चार ध्वनिमुद्रित करावा. बोलीविज्ञानात ही पद्धत शिकवली जाते. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी राज्यभर मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण करून नोंदी इंटरनेटवर खुल्या केल्या आहेत, त्यामुळे नमुनाही समोर आहे. तालुक्याच्या महाविद्यालयात मराठीचे आणि वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी जोडीनं गावात गेले, तर एकजण नमुना दाबून ठेवील आणि दुसरा नाव नोंदवील.

देऊळगाव राजात अशा जोडीनं सर्वांत आधी पिकांच्या वाणांचा रकाना हाती घ्यावा असं मला वाटतं. या तालुक्यात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं बीजोत्पादन मोठ्या प्रमाणात होतं. जालना हे बियाणं उद्योगाचं केंद्र, तिथं बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको सुरू केली, आणि त्या उद्योगाची शेतं इथवर पसरली. शेडनेटमधल्या ओळींना नाव नसतं. नर-मादी आणि कंपनीचा सांकेतिक क्रमांक असतो. तो त्या धंद्याचा भाग आहे, त्यात वावगं काही नाही. पण त्याच वावरांत जुनी माणसं जोंधळ्याच्या जाती नावानं ओळखत. मोहोळच्या संशोधन केंद्रावर मालदांडी जोंधळ्यातून निवड करून एम ३५-१ हा वाण काढला, आणि क्रमांक मिळूनही शेतकऱ्याच्या तोंडी मालदांडी राहिली, कारण त्या नावाबरोबर भाकरीची चव, कडब्याची प्रत आणि पाऊस दगा देईल तेव्हा टिकण्याची खात्री येत होती. क्रमांकाबरोबर यातलं काही येत नाही. म्हणून विचारायचं ते सत्तरी ओलांडलेल्या बायकांना, ज्यांनी कणग्यांत बी राखलं: हुरड्याला कोणता जोंधळा, लाह्यांना कोणता, बरडावर कोणता पेरायचा, पाखरं कोणत्यावर कमी बसत, कोणता खंड पडला तरी कणीस धरी, आणि त्यातलं मूठभर बी अजून कुणाच्या घरात आहे का.